हिब्रू ज्ञानसाहित्य : नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक यांतील जगण्याचा विचार

यहुदी समाजाच्या प्राचीन हिब्रू ग्रंथसंग्रहाला 'तनाख' म्हणतात. ख्रिस्ती परंपरेत हाच संग्रह 'जुना करार' म्हणून ओळखला जातो. तनाखचे तीन भाग आहेत : तोरा म्हणजे नियमशास्त्र, नेवीइम म्हणजे संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि केतुवीम म्हणजे इतर लेखन. या तिसऱ्या भागातील तीन ग्रंथांना अभ्यासक 'ज्ञानसाहित्य' असे नाव देतात. मराठी बायबलमध्ये ते 'नीतिसूत्रे', 'ईयोब' आणि 'उपदेशक' या नावांनी आहेत. मूळ हिब्रू नावे अनुक्रमे 'मिश्ले', 'इय्योव' आणि 'कोहेलेत' अशी आहेत. यहुदी धर्मसंग्रहात न आलेला, पण कॅथलिक बायबलमध्ये असलेला बेन सिरा याचा ग्रंथही याच परंपरेतला आहे.

तनाखच्या बाकीच्या भागांत इजिप्तमधून झालेली सुटका, सीनाय पर्वतावरचा करार, राजे, युद्धे आणि मंदिर यांचा इतिहास आहे. ज्ञानग्रंथांत यांतले जवळजवळ काहीच येत नाही. तिथे घर, शेत, बाजार, वेशीवरची पंचायत, आजारपण, म्हातारपण आणि मृत्यू हे विषय आहेत. त्यामुळे दुसऱ्या धर्माच्या आणि दुसऱ्या देशाच्या वाचकालाही हे ग्रंथ फारशी पूर्वतयारी न करता वाचता येतात.

'होखमा' म्हणजे काय?

ज्ञान किंवा शहाणपण यासाठी हिब्रूत 'होखमा' हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ पुस्तकी विद्वत्ता असा नाही. ज्या कारागिरांनी उपासनेचा मंडप घडवला, त्यांच्या हातातील कसबालाही तोरामध्ये हाच शब्द आहे. सूत कातणाऱ्या स्त्रियांचे कौशल्य, वादळात जहाज सांभाळणाऱ्या खलाशांचे कौशल्य, न्यायनिवाडा करणाऱ्या राजाची समज, या सगळ्यांना 'होखमा' म्हटले आहे. जगणे हीसुद्धा एक कारागिरी आहे, ती पाहून, करून आणि चुकत शिकावी लागते, अशी कल्पना या शब्दामागे दिसते.

दुसरा महत्त्वाचा शब्दप्रयोग आहे 'देवाचे भय'. इथे भय म्हणजे धाक किंवा दहशत नव्हे. आपल्यापेक्षा मोठे काहीतरी आहे आणि आपल्या अकलेला मर्यादा आहेत, ही जाणीव त्यात अभिप्रेत आहे. नीतिसूत्रांच्या सुरुवातीलाच ही जाणीव ज्ञानाचा पाया म्हणून मांडली आहे. ईयोब आणि उपदेशक या ग्रंथांतही ती पुन्हा येते, पण प्रत्येक ठिकाणी तिचा सूर वेगळा आहे.

रचनेची पद्धत

या साहित्याचा मूळ घटक म्हणजे 'माशाल', म्हणजे म्हण, सुभाषित किंवा दृष्टांत. बहुतेक माशाल दोन अर्ध्या ओळींचे असतात. दुसरी अर्धी ओळ पहिलीचा अर्थ वेगळ्या शब्दांत सांगते, किंवा तिच्या उलट बाजू दाखवते, किंवा तिला पुढे नेते. हिब्रू कवितेत अंत्ययमकाला फारसे स्थान नाही. तिचा ताल या अर्थाच्या जोडीतून येतो. इंग्लंडमधील रॉबर्ट लोथ यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत या पद्धतीची पद्धतशीर चर्चा केली आणि तेव्हापासून तिला 'समांतरता' हे नाव रूढ झाले. ताल अर्थाचा असल्याने भाषांतरातही तो बराचसा टिकतो. मराठीत वाचतानाही सूत्राचे दोन पाय सहज जाणवतात.

अक्षरक्रमाने केलेली रचना हा आणखी एक प्रकार आहे. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. नीतिसूत्रांचा शेवट २२ ओळींच्या एका कवितेने होतो आणि तिची प्रत्येक ओळ क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होते. तोंडपाठ करायला हे सोयीचे होते.

नीतिसूत्रे : एक ग्रंथ, अनेक संग्रह

नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत. परंपरेने हा ग्रंथ शलमोन राजाच्या नावावर आहे, पण ग्रंथ स्वतःच अनेक हातांची कबुली देतो. पहिले नऊ अध्याय म्हणजे बापाने मुलाला केलेली लांब लांब उपदेशपर भाषणे आहेत. दहाव्या अध्यायापासून सुट्या सूत्रांचा मोठा संग्रह सुरू होतो. त्यात ३७५ सूत्रे आहेत आणि हिब्रूत 'शलमोन' या नावाच्या अक्षरांची संख्यामूल्ये मिळवली तर बेरीज ३७५ च येते. पंचविसाव्या अध्यायाच्या आरंभी नोंद आहे की, पुढची सूत्रे यहुदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतली. हिज्कीयाचा काळ इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे दरबारातील लेखनिक जुनी सूत्रे गोळा करून जपत होते, याचा हा पुरावा आहे. तिसावा अध्याय आगूर नावाच्या माणसाचा, तर एकतिसाव्याचा आरंभ लमुएल नावाच्या राजाला त्याच्या आईने दिलेल्या शिकवणीचा आहे. सगळे संग्रह एकत्र येऊन आजचा ग्रंथ सिद्ध झाला तो बाबेलमधील बंदिवासानंतरच्या काळात, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या सूत्रांतील उपदेश कोणत्या गोष्टींविषयी आहे, हे थोडक्यात पाहू.

बोलणे. सर्वाधिक सूत्रे जिभेविषयी आहेत. मऊ उत्तराने राग उतरतो, तोंड आवरणारा जीव वाचवतो, चहाडी हे भांडणाचे सरपण आहे, असा विचार अनेक रूपांत येतो. वेळेवर आलेला एक शब्द किती मोलाचा, हे सांगताना सोन्या-रुप्याच्या दागिन्याची उपमा वापरली आहे. समोरच्याचे पूर्ण ऐकण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा ठरवला आहे.

व्यवहार. खोट्या तराजूचा आणि खोट्या वजनांचा निषेध पुन्हा पुन्हा येतो. त्या काळी वजने दगडाची असत. लबाड व्यापारी पिशवीत दोन प्रकारचे दगड ठेवी, घेताना एक आणि देताना दुसरा. यहुदाच्या प्राचीन वस्त्यांच्या उत्खननात अशी कोरलेली दगडी वजने सापडली आहेत. त्यांवरून एका शेकेलचे वजन सुमारे ११.३ ग्रॅम होते, असे ठरवता आले. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नये, राहिलाच असाल तर झोप न घेता आधी त्यातून सुटका करून घ्या, असाही रोखठोक सल्ला आहे.

शेजार. शेजाऱ्याच्या घरी वारंवार जाऊन त्याला कंटाळा आणू नये. भल्या पहाटे मोठमोठ्याने शुभेच्छा देणाऱ्याच्या शुभेच्छा शिवीसारख्या वाटतात. संकटात दूरच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा. वैरी पडला म्हणून आनंद मानू नये, तो भुकेला असेल तर त्याला जेवू घालावे.

आळस. आळशी माणसाची चित्रे या ग्रंथात विनोदी आहेत. बाहेर सिंह आहे म्हणून तो घराबाहेर पडत नाही. बिजागरीवर दार फिरावे तसा तो अंथरुणात कुशी बदलतो. हात ताटात घालतो, पण तो तोंडापर्यंत नेण्याचा त्याला कंटाळा येतो. त्याला मुंगीकडे जाऊन शिकायला सांगितले आहे, कारण तिच्यावर मुकादम नसतो, तरी ती उन्हाळ्यातच बेगमी करते.

गरिबी आणि श्रीमंती. आळसाने गरिबी येते असे म्हणणारी सूत्रे आहेत, तशीच अन्यायामुळे गरिबाच्या शेताचे पीक हिरावले जाते असे म्हणणारीही आहेत. गरिबाला छळणे म्हणजे त्याला घडवणाऱ्या देवाचाच अपमान, हा विचार ठामपणे येतो. आगूरची प्रार्थना याच विषयावर आहे. तो गरिबी मागत नाही आणि श्रीमंतीही मागत नाही. पुरेल एवढीच भाकर मागतो. जास्त मिळाले तर देवाला विसरेन आणि काहीच नसले तर चोरी करेन, अशी दोन्हीकडची भीती त्याला वाटते.

स्त्रिया. हिब्रूत 'होखमा' हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि पहिल्या नऊ अध्यायांत ज्ञान स्त्रीच्या रूपात येते. ती चव्हाट्यावर, वेशीपाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाक मारते, घर बांधून जेवणाचे आमंत्रण देते. लमुएलची आई राजाला बजावते की, दारूपासून दूर राहा आणि ज्यांना स्वतःसाठी बोलता येत नाही त्यांच्यासाठी तू बोल. शेवटच्या अक्षरक्रमी कवितेतील कर्तबगार गृहिणी शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, कापड विणते, व्यापाऱ्यांना माल विकते आणि गरजूंना हात पुढे करते. आजही अनेक यहुदी घरांत शुक्रवारी रात्री, शब्बाथच्या जेवणाआधी ही कविता गायली जाते.

या ग्रंथाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मुलांना छडीने वळण लावावे, असे त्यात सांगितले आहे. भांडखोर बायकोविषयी अनेक सूत्रे आहेत, भांडखोर नवऱ्याविषयी स्वतंत्र सूत्र नाही. बोलणारा बाप आहे आणि ऐकणारा तरुण मुलगा आहे, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी लागतात.

परस्परविरोधी सूत्रे

सव्विसाव्या अध्यायात लागोपाठ दोन सूत्रे आहेत. पहिले सांगते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसे उत्तर देऊ नको, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. दुसरे सांगते, त्याला तसेच उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. तालमूदमध्ये नोंद आहे की, अशा विसंगतींमुळे हा ग्रंथ बाजूला ठेवावा का, असा विचार धर्मपंडितांनी केला होता. त्यांनी तोडगा काढला तो असा की, एक सूत्र धर्मविचाराच्या बाबतीत आणि दुसरे ऐहिक बाबतीत लागू करावे.

पण संग्राहकांनी ही जोडी मुद्दामच शेजारी ठेवली असावी, असे मानायला जागा आहे. सूत्र खरे असते ते योग्य वेळी. कोणते सूत्र कधी लावायचे, हे सूत्र सांगत नाही. ते ओळखणे हीच 'होखमा'.

इजिप्तशी असलेले नाते

शेजारच्या संस्कृतींतही असे उपदेशपर साहित्य होते. इजिप्तमधील आमेनेमोपे नावाच्या अधिकाऱ्याचा मुलासाठी लिहिलेला उपदेश एका पपायरसवर सापडला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९२३ मध्ये वॉलिस बज यांनी तो प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी जर्मन अभ्यासक आडोल्फ एर्मान यांनी दाखवून दिले की, नीतिसूत्रांच्या बाविसाव्या ते चोविसाव्या अध्यायांतील एका भागाशी त्याचे अतिशय जवळचे साम्य आहे. आमेनेमोपेच्या उपदेशाची ३० प्रकरणे आहेत आणि नीतिसूत्रांच्या त्या भागातही ३० वचनांचा उल्लेख असल्याचे आता बहुतेक भाषांतरकार मानतात. गरिबाला लुटू नये, शेताची बांधाची खूण सरकवू नये, रागीट माणसाशी मैत्री करू नये, असे विषय दोन्हीकडे येतात.

इजिप्तमध्येच, नाईल नदीतील एलिफंटाइन बेटावर, यहुदी सैनिकांची वसाहत होती. तिथे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील अरामी भाषेतले पपायरस सापडले. त्यांत अहिकार नावाच्या शहाण्या मंत्र्याची कथा आणि त्याची वचने आहेत. शहाणपण त्या काळीही सीमा ओलांडून फिरत होते आणि ते परक्याकडून घेण्यात हिब्रू लेखकांना कमीपणा वाटला नाही.

ईयोब : सूत्र चुकते तेव्हा

नीतिसूत्रांचा एकूण विश्वास असा की, नीट वागणाऱ्याचे भले होते आणि वाईट वागणाऱ्याचे वाटोळे होते. ईयोबाच्या ४२ अध्यायांत हा विश्वासच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

कथा गद्यात सुरू होते. ऊस देशातील ईयोब हा सज्जन, सधन आणि देवभीरू माणूस. तो इस्राएली आहे असेही कुठे म्हटलेले नाही. देवाच्या दरबारात 'सातान' प्रश्न विचारतो की, हा माणूस फायद्याशिवाय तरी देवाला भजतो का? हिब्रूत इथे 'सातान' हे विशेषनाम नाही. ते आरोप ठेवणाऱ्याचे पद आहे. मग ईयोबाची गुरेढोरे जातात, दहाही मुले मरतात, अंगभर गळवे येतात. तो राखेत बसतो.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. त्यांनी केलेली ही सर्वांत चांगली गोष्ट. पुढे ईयोब तोंड उघडून आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि तिथून काव्य सुरू होते. मित्र आळीपाळीने बोलतात. देव न्यायी आहे, तुझ्यावर संकट आले आहे, म्हणजे तू काहीतरी पाप केले असणार, हा त्यांचा युक्तिवाद. त्यांची वाक्ये सुटी काढली तर नीतिसूत्रांत शोभतील अशी आहेत. पण चुकीच्या माणसासमोर, चुकीच्या वेळी बोललेले सूत्र कसे क्रूर होते, हे या संवादांत दिसते.

ईयोब हार मानत नाही. एकतिसाव्या अध्यायात तो शपथेवर आपल्या आयुष्याचा हिशेब मांडतो. दास-दासींची तक्रार मी धुडकावली नाही, कारण मला घडवणाऱ्यानेच त्यांनाही आईच्या पोटात घडवले. अनाथाला सोडून एकटा जेवलो नाही. सोन्यावर भिस्त ठेवली नाही. वैऱ्याच्या नाशाने सुखावलो नाही. वाटसरूला दार उघडे ठेवले. चांगले जगणे म्हणजे काय, याचे इतके तपशीलवार चित्र तनाखमध्ये क्वचितच सापडते.

मग अलीहू नावाचा तरुण बोलतो आणि अखेर वादळातून देव बोलतो. पण दुःख का आले, याचे उत्तर देव देत नाही. उलट तोच प्रश्न विचारतो. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? रानशेळ्या कधी वितात, तुला ठाऊक आहे का? जिथे एकही माणूस राहत नाही त्या ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो? शेवटी बेहेमोथ आणि लिव्याथान या अवाढव्य प्राण्यांचे वर्णन येते. हे जग केवळ माणसाच्या न्याय-अन्यायाभोवती रचलेले नाही, असा या भाषणाचा रोख आहे. ईयोबाच्या अखेरच्या उत्तराचा अर्थ आजही वादाचा आहे. काहींच्या मते तो पश्चात्ताप करतो, तर काहींच्या मते आपण धूळ आणि राख आहोत हे स्वीकारून तो समाधान पावतो.

निवाडा मात्र स्पष्ट आहे. देव मित्रांवर रागावतो आणि ईयोबच खरे बोलला असे म्हणतो. देवाची बाजू घेण्यासाठी पीडितावर खोटा ठपका ठेवणे देवालाच मान्य नाही. ईयोब त्या मित्रांसाठी प्रार्थना करतो. त्याची जनावरे दुप्पट होतात, ७,००० मेंढरांची १४,००० आणि ३,००० उंटांचे ६,०००. मुले मात्र पूर्वीइतकीच होतात, सात मुलगे आणि तीन मुली. नव्या मुलींची नावे दिली आहेत : यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. कसीया हे एका सुगंधी सालीचे नाव आहे. केरेन-हप्पूक म्हणजे काजळाचे शिंग, आपण काजळाची डबी म्हणू. बाप या मुलींना भावांच्या बरोबरीने वारसा देतो. मुलांची नावे दिलेली नाहीत.

या ग्रंथातून यहुदी समाजात एक रीत आली. जवळचे माणूस गेल्यावर घरचे लोक सात दिवस शोक पाळतात, त्याला 'शिवा' म्हणतात. भेटायला आलेल्याने दुःखिताने तोंड उघडेपर्यंत स्वतः बोलू नये, असा दंडक तालमूदने ईयोबाच्या मित्रांच्या मौनावरून घालून दिला. समाचाराला गेल्यावर 'त्याचे भोग संपले', 'देवाच्या मनात असेल ते' असे काहीतरी बोलून जाण्याची सवय आपल्यातही आहे. त्या दृष्टीने हा दंडक समजून घेण्याजोगा आहे.

उपदेशक : वाफेसारखे आयुष्य

तिसरा ग्रंथ १२ अध्यायांचा आहे. 'कोहेलेत' या शब्दाचा संबंध सभा भरवण्याशी आहे, म्हणून मराठीत 'उपदेशक' झाले. बोलणारा स्वतःला यरुशलेमचा राजा आणि दावीदाचा पुत्र म्हणवतो, त्यामुळे परंपरा त्याला शलमोन समजते. पण भाषा त्या काळची नाही. बागेसाठी त्यात 'पर्देस' हा फारसी शब्द आला आहे. त्यावरून अभ्यासक हा ग्रंथ इसवी सनापूर्वी पाचव्या ते तिसऱ्या शतकातला मानतात. मृत समुद्राजवळ कुमरान येथे त्याचे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले तुकडे सापडले आहेत.

या ग्रंथाचा कळीचा शब्द आहे 'हेवेल'. तो सुमारे ३८ वेळा येतो. मराठी भाषांतरांत त्यासाठी 'व्यर्थ' हा शब्द रूढ आहे, पण मूळ अर्थ वाफ किंवा श्वास असा आहे. थंडीत तोंडातून निघालेली वाफ दिसते, पण मुठीत धरता येत नाही. आयुष्य निरर्थक आहे असे म्हणण्यापेक्षा ते हाती धरून ठेवता येत नाही, असे म्हणणे मूळ शब्दाच्या जवळ जाते.

उपदेशक स्वतःवर प्रयोग करतो. वाडे, द्राक्षमळे, तळी, दास, सोने-रुपे, गायक-गायिका, सगळे मिळवून पाहतो. शेवटी त्याला खटकते ते हे की, हे सारे मागे ठेवून जायचे आणि वारस शहाणा निघेल की मूर्ख, कोण जाणे. शहाणा आणि मूर्ख दोघेही सारखेच मरतात. वेगवान धावणाराच शर्यत जिंकतो असे नाही, कारण वेळ आणि प्रसंग सर्वांनाच गाठतात. एका लहान शहराला वेढा पडला असता एका गरीब शहाण्याने ते वाचवले आणि नंतर त्याची कोणी आठवणही ठेवली नाही, ही छोटी गोष्ट तो सांगतो. पीडितांचे अश्रू तो पाहतो आणि त्यांना धीर देणारा कोणीच नाही, हेही नोंदवतो. तिसऱ्या अध्यायातील प्रसिद्ध कवितेत जन्म-मरण, पेरणे-उपटणे, रडणे-हसणे अशा १४ जोड्या, म्हणजे २८ वेळा आहेत.

तरीही तो हातपाय गाळून बसायला सांगत नाही. त्याचा उपदेश साधा आणि वारंवार येणारा आहे. कष्ट करावेत आणि त्यांचे फळ आनंदाने खावे-प्यावे. स्वच्छ पांढरे कपडे घालावेत, डोक्याला तेल लावावे, प्रिय पत्नीबरोबर दिवस घालवावेत. हाती येईल ते काम सारी शक्ती लावून करावे. एकापेक्षा दोघे बरे, कारण एक पडला तर दुसरा उठवतो. आपल्याजवळचे सात-आठ जणांत वाटावे, कारण पुढे कोणते संकट येईल ते कळत नाही. बोललेला नवस फेडावा, फेडता येणार नसेल तर बोलू नये. मेजवानीच्या घरापेक्षा शोकाच्या घरी जाण्याने माणूस जास्त शिकतो. मेसोपोटेमियातील गिल्गामेश महाकाव्याच्या जुन्या पाठात सिदुरी नावाची मद्यविक्रेती नायकाला जवळजवळ असाच सल्ला देते, हे साम्य अभ्यासकांनी फार पूर्वीच हेरले आहे.

शेवटच्या अध्यायात म्हातारपणाचे रूपक आहे. शरीर म्हणजे घर. घराचे राखणदार थरथरतात, दळणाऱ्या थोड्या उरतात, खिडक्यांतून अंधुक दिसते, बदामाचे झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाते. हात, दात, डोळे आणि पिकलेले केस असा त्याचा अर्थ परंपरेने लावला आहे.

हा ग्रंथ पवित्र मानावा की नाही, यावर शम्माई आणि हिल्लेल यांच्या पंथांत मतभेद होता, अशी नोंद मिश्नामध्ये आहे. अखेर तो ठेवला गेला. एवढेच नव्हे, तर अश्केनाझी यहुदी तो सुक्कोथ सणात वाचतात. हा सुगीचा, आनंदाचा सण. धान्य घरात आलेले असताना आणि तात्पुरत्या झोपडीत बसून जेवताना क्षणभंगुरतेचा ग्रंथ वाचायचा, अशी ही रीत आहे.

बेन सिरा आणि पुढची परंपरा

इसवी सनापूर्वी १८० च्या सुमारास यरुशलेममधील बेन सिरा या शिक्षकाने हिब्रूत ५१ अध्यायांचा ग्रंथ रचला. त्याच्या नातवाने इजिप्तमध्ये त्याचे ग्रीक भाषांतर केले. मूळ हिब्रू पुढे लुप्त झाले आणि शेकडो वर्षे ग्रीक व सिरियाक भाषांतरांवरच भागवावे लागले. १८९६ मध्ये अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी पूर्वेकडून आणलेल्या हस्तलिखितांत केंब्रिजच्या सॉलोमन शेख्तर यांना त्याचे एक हिब्रू पान ओळखता आले. कैरोतील बेन एझ्रा सिनेगॉगच्या जुन्या कागदांच्या खोलीतून पुढे आणखी पाने मिळाली. १९६४ मध्ये मसादा किल्ल्याच्या उत्खननात यिगाएल यादिन यांना याच ग्रंथाची प्राचीन गुंडाळी सापडली.

बेन सिरा व्यवहारी शिक्षक आहे. मित्र पारखून घ्यावा, म्हाताऱ्या बापाची बुद्धी चळली तरी त्याला सांभाळून घ्यावे, पंगतीत हावरटपणा करू नये, वैद्याचा मान राखावा आणि औषध नाकारू नये, असे तो सांगतो. नांगऱ्या, लोहार, कुंभार यांच्याशिवाय शहर उभे राहत नाही, हेही तो मान्य करतो.

पुढे इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये 'पिर्के आवोत' हा धर्मगुरूंच्या वचनांचा संग्रह आला. पेसाह सणानंतरच्या शनिवारी दुपारी तो वाचण्याची प्रथा आहे.

मराठीशी असलेले नाते

हिब्रू ग्रंथांची मराठीशी गाठ फार जुनी आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले आणि १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेलेले 'क्रिस्तपुराण' दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या करारातील कथा आहेत.

कोकणातील बेने इस्राएल समाजाची तर मातृभाषाच मराठी. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुट्टी यांमुळे त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, पेणकर अशी गावांवरून आलेली आडनावे त्यांच्यात आहेत. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल ईझेकिएल दिवेकर यांनी बांधले. जोसेफ ईझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी यहुदी प्रार्थना आणि धर्मसाहित्य मराठीत आणण्याचे मोठे काम केले. १८३२ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले होते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये हे भाषांतर प्रसिद्ध झाले. त्यामुळे हे तिन्ही ग्रंथ मराठीत थेट हिब्रूवरून वाचता येतात.

कसे वाचावे?

नव्या वाचकाने नीतिसूत्रांचा दहावा अध्याय आधी घ्यावा आणि रोज थोडी सूत्रे वाचावीत. मग ईयोबाचे पहिले तीन अध्याय, एकतिसावा आणि अडतिसाव्यापासून शेवटपर्यंतचा भाग वाचावा. उपदेशक एका बैठकीत पूर्ण होतो. मंडळाच्या वाचनगटात घ्यायचे असेल तर एकाने मित्रांची बाजू आणि दुसऱ्याने ईयोबाची बाजू मोठ्याने वाचावी, म्हणजे वाद नीट कळतो.

तिन्ही ग्रंथ एकाच संग्रहात शेजारी शेजारी आहेत, ही या परंपरेची सर्वांत मोठी शिकवण म्हणता येईल. पहिला सांगतो, नीट वाग, भले होईल. दुसरा विचारतो, झाले नाही तर? तिसरा म्हणतो, कोणाला ठाऊक, पण आजची भाकर आनंदाने खा. ज्या समाजाने हे जपले त्याने शंका घेणाऱ्यांना बाहेर काढले नाही. मुलांना नीतिसूत्रे शिकवली आणि त्यांच्यावर संकट येईल तेव्हासाठी ईयोबही हाताशी ठेवला.